अस्तंभ्याच्या धारेवरची हाक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारात नाही. देवापुढे हात जोडले तरी त्या जागेशी आलो की मी वळसा घालून पुढे जात आलो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही — तेच बरं.

आमच्या घरात सुतक आहे. माझी वहिनी गेली. काल तिचा दहावा झाला. ओट्यावर माणसं येतात, तंबाखू मळतात आणि उठता उठता एकच गोष्ट बोलतात — पुण्यवान बाई, हिरव्या चुड्यानं गेली. मी मान हलवतो. मी शाळामास्तर, पुस्तकांतला माणूस, मुळातच कमी बोलणारा. माझ्या गप्प बसण्याचं कोणाला नवल वाटत नाही. या स्वभावाचा मला जन्मभर फार उपयोग झाला.

आमचं गाव तापीकाठचं. पावसाळा सरून हवा धुतल्यासारखी झाली की आमच्या शेताच्या बांधावरून उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि त्यात सगळ्यांत वर, थोडं एका बाजूला कललेलं, अस्तंभ्याचं टोक. अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळावरची जखम घेऊन तो तिथे फिरतो, वाटसरूंकडे जखमेला लावायला तेल मागतो, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. धनतेरसेच्या सुमाराला लोक तिकडे यात्रेला जातात. मी पंचवीसएक वर्षांत एकदाही बांधावर उभं राहून तिकडे पाहिलेलं नाही. शेतात गेलोच तर विहिरीच्या अंगानं जातो, तिथून आंब्यांची रांग आड येते.

मी तिथे एकदाच गेलो. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा तापाची मोठी साथ आली होती, तीत मी वाचलो. आईनं नवस बोलला होता — पोरगा उठला तर तो स्वतःच्या हातानं वर तेल वाहील. स्वतःच्या हातानं, हे महत्त्वाचं. पुढच्या दिवाळीला तिनं पितळेची एक बुधली भरून तेल दिलं, आणि मी अशक्त म्हणून माझ्यासोबत नानाला पाठवलं.

नाना माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि अंगानं दुप्पट. शेत तोच करायचा. मी शिकावं म्हणून त्यानं स्वतःची शाळा चौथीत सोडली, आणि त्याचा उल्लेखही कधी केला नाही. मी अजून मास्तर व्हायचा होतो, तरी तो मला चारचौघांत 'मास्तर' म्हणायचा, आणि घरात बापू. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. निघताना तिनं आमच्या दोघांच्या फडक्यात भाकरी बांधल्या. माझ्यात गूळ जास्त घातला, कारण मी आजारातून उठलेला.

आम्ही सात-आठ जण होतो. पुढारी उखा तात्या — गावातले म्हातारे, दरसाल यात्रा करणारे. पायथ्याच्या पाड्यावर बैलगाड्या सोडल्या, रात्र काढली आणि उजाडता चढायला लागलो. तात्यांनी पहिल्याच चढावर सगळ्यांना उभं करून नियम सांगितला.

"पोरेहो, वर गया की दात नही काढाना. आनि मांगतून कोनी नाव लिसन बलावं तं मांगे दखानं नही. ओ देवानी नही. जो ओ देस, तो त्याना संगे जास."

म्हणजे, अश्वत्थामा तुमचं घरचं नाव घेऊन हाक मारतो. ओ दिली की तुम्ही त्याचे.

नानाला राहवेना. "मंग तात्या, बायकोनी बलावं तरी दखानं नही का?"

"मन्ही बायको बलाई तं अश्वत्थामाबी भागी जाई," तात्या म्हणाले, आणि नियम सांगून झाल्याबरोबर सगळे दात काढून हसले. मीही हसलो. पण त्या क्षणापासून माझी मान ताठ झाली होती. मागे पाहायचं नाही — हे मी असं पाळलं, की पायाखालचा दगड पाहायलाही मान वाकवायला भीती वाटे. नाना माझ्या मागून चालत होता. मध्येच तो आवाज घोगरा करून "बापूऽऽ" म्हणायचा आणि मी दचकलो की खदखदून हसायचा.

भीती कशाची होती? अश्वत्थाम्याची होती, खरंच. पण तिच्या खाली दुसरी एक होती, आणि ती मी लाजेनं लपवली होती. मला उंचीची भीती वाटते. विहिरीच्या काठावरही मी बसकण मारतो. शेवटचा चढ एका चिंचोळ्या धारेवरून आहे — दोन्ही बाजूंना उतार, मध्ये माणूस चालेल एवढी वाट — आणि अगदी वर, जिथे तेल वाहायचं, तो खडक पुढे झुकलेला. बाकीचे "अश्वत्थामा महाराज की जय" म्हणत एकामागून एक त्या खडकावर गेले. माझी पाळी आली तेव्हा मी दोन पावलं टाकली आणि खालची दरी दिसली. मी तिथेच वाकलो, नमस्कार केल्यासारखं केलं आणि माघारी आलो. बुधली उपरण्याखाली झाकून.

"वाह्यं ना तेल?" तात्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

हे पहिलं खोटं. लहानसं आहे, नाही? एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी ते हसत सांगितलं असतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. उतरताना ढग खालून वर येऊ लागले. तात्या आणि बाकीचे भराभर पुढे गेले. मी हळू, म्हणून नाना माझ्यासोबत मागे राहिला. धारेच्या मध्यावर मी घसरलो, त्यानं मला सावरलं, आणि सावरताना त्याचा हात माझ्या कमरेच्या बुधलीला लागला.

त्यानं ती काढून हलवून पाहिली. "आरे मास्तर! बुधली तं भरेल शे."

मला वाटलं, आता तो हसेल आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगेल. तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे त्यानं नीट पाहिलं आणि त्याला सगळं कळलं असावं.

"मायले सांगस नही मी. घाबरू नको. तू आठेच बठ, मी तुन्हा नावनं वाही येस."

आणि तो माघारी वर गेला. माझ्या नावाचं तेल वाहायला.

मी वाटेवर एका दगडाला पाठ लावून बसलो. ढग अंगावर आला. आधी वरचं टोक गेलं, मग वाट, मग माझे स्वतःचे पायसुद्धा धूसर झाले. गवतातून पाणी ठिबकत होतं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. भ्यालेल्या माणसाला वेळ मोजता येत नाही. मग वरच्या अंगाला दगड गडगडल्याचा आवाज झाला. आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही.

मग हाक आली. "बापू."

नानासारखी नव्हती ती. फाटलेली, ओली, खालून आल्यासारखी. तात्यांचं बोलणं आठवलं. ओ द्यायची नाही, मागे पाहायचं नाही. मी दगडाला घट्ट चिकटलो. इथपर्यंत माझी चूक कोणीही समजून घेईल. आमच्या गावचा कोणीही माणूस त्या हाकेला ओ देणार नाही.

पण मी पाहिलं. मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून. वाटेच्या खाली, उताराच्या गवतात, एक डोकं वर आलेलं होतं. कपाळ फुटलेलं. रक्त डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत. एक हात गवताचा झुबका धरून आणि दुसरा माझ्याकडे पसरलेला. कपाळावर जखम असलेला माणूस हात पसरून माझं नाव घेत होता — लहानपणापासून ऐकलेलं सगळं तसंच्या तसं समोर होतं. मी डोळे मिटले.

"बापू, मी शे रे. नाना. हात दे."

इथे थांबतो. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर पाहतो आहे.

मला कळलं. दुसऱ्या हाकेला मला कळलं की तो नाना आहे. वरून घसरून तो त्या उतारावर कुठेतरी आपटला होता आणि गवत धरून धरून माझ्यापर्यंत सरपटत आला होता. 'मला वाटलं अश्वत्थामाच आहे' असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. अश्वत्थाम्याची भीती दुसऱ्या हाकेबरोबर संपली होती. उरली होती ती उताराची. वाट सोडून चार पावलं ओल्या गवतात जायचं, पालथं पडायचं, हात द्यायचा — आणि त्याच्या वजनानं आपणही ओढले जाऊ, ही. तात्यांचा नियम तिथे होताच. मी त्या नियमाच्या आड लपलो. ओ द्यायची नाही — म्हणून मी ओ दिली नाही. माझ्या डोक्याला चांगला लांब फेटा होता. तो सोडून टोक खाली टाकता आलं असतं, वाट न सोडता. हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणू? सुचलं होतं. हात फेट्यापर्यंत गेलाही होता.

तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा मी कानांत बोटं घातली. मग उठलो आणि खाली पळालो. मला उंचीची भीती वाटते म्हटलं ना? त्या धारेवरून मी पळालो.

खाली पठारावर सगळे भाकरीची फडकी सोडून बसले होते. "नाना कोठे शे?" तात्यांनी विचारलं.

मी पळत होतो तेव्हा काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. म्हणालो, ढगातून एक उंच माणूस आला. डोक्याला फडकं बांधलेलं. त्यानं नानाला नावानं हाक मारली, तेल मागितलं. नानानं ओ दिली, बुधली त्याच्या हातात दिली, आणि त्याच्या मागे चालत गेला. मी हाका मारल्या, त्यानं पाहिलं नाही.

तात्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि डोंगराकडे तोंड करून हात जोडले. मग एकेकानं जोडले. नाना सकाळी नियमाला हसला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. माझ्या खोट्याला त्यांनी माझ्यापेक्षा जास्त आधार दिला.

तरी त्यांनी शोधलं. त्याबद्दल पुढे सांगतो. सापडला नाही.

गावात ती गोष्ट माझी राहिली नाही. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत लोक ती सांगू लागले. माझ्यासमोरच मला सांगू लागले, मी न सांगितलेल्या तपशिलांसह. आई रडली, पण तिच्या रडण्यात थोडा मान मिसळलेला होता — तिच्या मुलाला चिरंजीवानं सोबतीला नेलं होतं. आणि वहिनी? वहिनीनं कुंकू पुसलं नाही. कशाला पुसावं? नवरा चालत गेला होता. गेलेला माणूस येतो.

वर्षा-दीड वर्षानं तिचा भाऊ तिला न्यायला आला. आमच्यात पाट लावायची चाल आहे. त्यांच्या गावात एक चांगलं घर होतं, बायको वारलेला तरणा माणूस, विहिरीची जमीन. पंच काडी मोडून, म्हणजे पहिलं लग्न तोडून, द्यायला तयार होते. भाऊ ओसरीत बसून तिला म्हणत होता, "पोर ना सोर. कोनासाठे बठस आठे? चाल."

वहिनी चुलीपाशी होती. ती उठून माझ्याकडे आली. भावाकडे नाही, आईकडे नाही. मी पुस्तक घेऊन बसलो होतो.

"भाऊ, खरं सांगा. तुम्हीन तेस्ले जाताना दखं ना? तुम्हना डोयाघाई?"

स्वतःच्या डोळ्यांनी. तिचा चेहरा मी पाहिला. आता वाटतं, मी 'नाही' म्हणावं अशीही एक बारीक इच्छा त्यात असेल. तरणी बाई होती. एक शब्द बोललो असतो तर ती रडली असती, बांगड्या फुटल्या असत्या, आणि मग एखाद्या वर्षानं ती त्या विहिरीच्या घरी गेली असती. तिला मुलं झाली असती. पण तो शब्द बोललो की पुढचा प्रश्न आला असता — मग तुला कसं कळलं?

"हो," मी म्हणालो. "दखं."

"मंग मी कशी जाऊ?" ती भावाला म्हणाली. तो तिला शिव्या देत निघून गेला, आणि पुन्हा कधी आला नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा आणखी एक दार उघडलं. इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी ती गोष्ट काढली. आईही तयार होती, थकली होती बिचारी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं — शिकलेला, आणि एकटा साक्षीदार. मी काय बोललो माहीत आहे? म्हणालो, जो चिरंजीवाबरोबर गेला त्याला अग्नी कोणत्या शास्त्रानं द्यायचा? भटजींनी पोथी मिटली. माझ्या विद्वत्तेचं कौतुक झालं. नानाला पानांचासुद्धा अग्नी मिळाला नाही, आणि वहिनी आणखी तशीच राहिली — माझ्या घरात, माझी मुलं वाढवत, माझ्या पानात भाकरी वाढत.

आता ते शोधण्याचं.

त्या दिवशी पठारावर हात जोडून झाल्यावर तात्या म्हणाले, देवाचं काम खरं, पण पोऱ्याले दखनं पडी. मंडळी उठली. ढग थोडा विरळ झाला होता. पाड्यावरची चार माणसंही दोर घेऊन आली. तात्यांनी मला विचारलं, कोणीकडे गेले? नाना धारेच्या पूर्वेच्या अंगाला होता. मी पश्चिमेकडे बोट केलं.

घाबरून बोट चुकलं असं नाही. मी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग केलं. मला मृत नाना सापडण्याची भीती नव्हती. तो जिवंत सापडेल याची होती. तो वर येईल, तोंडावरचं रक्त पुसेल आणि माझ्याकडे पाहील. कदाचित तो काही बोललाही नसता. आईला नवसाचं सांगणार नव्हता तसं हेही कोणाला सांगितलं नसतं. त्याचा स्वभावच तसा होता. पण त्यानं माझ्याकडे पाहणं मला नको होतं. अंधार पडेपर्यंत माणसं पश्चिमेचा उतार विंचरत राहिली. मी त्यांच्यासोबत होतो. मीही "नाना, नाना" अशा हाका मारत होतो — मोठ्यानं, दुसऱ्या बाजूचं काही ऐकू येऊ नये इतक्या मोठ्यानं.

ऐकू आलं का काही? नाही. ते मला ठाऊक नाही, हेच खरं. मी ऐकत नव्हतो.

त्यानंतर सगळं सोपं होतं. मी मास्तर झालो. पोरांना शिकवलं. खोटं बोलणाऱ्याला छडी मारली.

वहिनी मागच्या महिन्यात आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिनं मला काही विचारलं नाही. विचारील या भीतीनं मी तिच्या खाटेपाशी एकटा बसत नसे. कोणीतरी सोबत असेल तेव्हाच जाई. ती गेली तेव्हा मी शाळेत होतो. कापडाच्या कंट्रोलच्या या दिवसांत हिरवं लुगडं मिळेना, तर शेजारच्या बाईनं आपल्या मुलीच्या रुखवताचं काढून दिलं. बायकांनी वहिनीची ओटी भरली, मळवट भरला, हातभर चुडा चढवला, आणि एकेकीनं तिच्या पायांवरचं कुंकू उचलून स्वतःच्या कपाळाला लावलं. अग्नी मी दिला.

काल तापीवर दहावा होता. पिंड मांडल्यावर भटजी — हे नवे आहेत, त्यांना आमच्या घरची काही माहिती नाही — पळीत पाणी घेऊन थांबले.

"बाईंचे यजमान?" त्यांनी मला विचारलं. "हयात की निवर्तलेले? त्याप्रमाणे उच्चार करायला हवा."

आई नाही, तात्या नाहीत, आता वहिनीही नाही. ज्यांना उत्तर द्यायचं त्यांच्यापैकी कोणीच उरलं नव्हतं. खरं बोललो असतो तर नदीकाठी फक्त माझं जे व्हायचं ते झालं असतं. आणि नानाच्या नावानं ओंजळभर पाणी पडलं असतं.

"हयात," मी म्हणालो.

भटजींनी तसा उच्चार केला आणि पाणी सोडलं. मी ओल्या धोतरानं काठ चढून वर आलो. वर बसलेल्या माणसांनी सरकून मला मध्ये जागा करून दिली, आणि मी तिथे बसलो.